पेंड माणसाच्या ताटात आणताना

१०० किलो शेंगदाणे लाकडी घाण्यात घातले की साधारण ४० किलो तेल निघतं आणि ५५ ते ६० किलो पेंड उरते. तेल बाटलीत जातं, पेंड गोठ्यात. शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिनं असतात, आणि ती तेलात उतरत नाहीत, सगळी पेंडीतच राहतात. त्यामुळे पेंडीतलं प्रथिनांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं. ज्वारीत ते १० टक्क्यांच्या आसपास असतं, गव्हात त्याहून थोडं जास्त. आमच्या गल्लीतल्या बायका मुलांसाठी प्रोटीन पावडरचे डबे आणत होत्या आणि त्याच गल्लीत आमच्या घाण्यातून रोज पोती भरून प्रथिनं म्हशींकडे चालली होती. मला हे सलायला लागलं, तिथून हे काम सुरू झालं.

आमचा घाणा सातारा जिल्ह्यात आहे. मी, माझे यजमान आणि माझी जाऊ असे तिघं तो चालवतो. पेंड माणसांनी खायची ही कल्पना काही माझी नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना मी विचारलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी तेल्याच्या घाण्यावर ऊन ऊन पेंड मिळायची. गुळाच्या खड्याबरं खायचो आम्ही. त्यात नवल काय?" म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही फार पूर्वी या गोष्टीवर नेटाने काम केलं होतं. १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ ७५ भाग आणि हरभऱ्याचं पीठ २५ भाग असं मिश्रण बनवलं, त्यात जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम घातलं आणि त्याला बहुउद्देशीय अन्न असं नाव दिलं. कुपोषित मुलांसाठी ते वापरलंही गेलं. आपल्या अन्न नियमांमध्येही खाण्याच्या शेंगदाणा पिठाचं मानक आधीपासून आहे. मग पेंड पुन्हा गोठ्यापुरतीच का राहिली, हे शोधताना मला पहिल्यांदा अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाबद्दल नीट वाचायला मिळालं.

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण घाण्यावर पेंड विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या, दोघांनाही हे माहीत असायला हवं.

शेंगदाण्यावर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधलं तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत धागा पोचला, आणि हे विष जगाला कळलं ते त्या पेंडीतूनच. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो माणसांना कावीळ झाली आणि १०६ जण दगावले, तेही याच विषामुळे. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. स्वयंपाकाच्या आचेने ते मरत नाही. भाजलं तर काही प्रमाणात कमी होतं, पण त्यावर विसंबता येत नाही.

आणि घाणेवाल्याला सर्वांत जास्त भिडणारी गोष्ट अशी की दाणे गाळले की हे विष बहुतेक सगळं पेंडीत राहतं. वजन कमी होतं, विष तेवढंच राहतं, म्हणजे किलोमागे ते आणखी दाट होतं. प्रथिनं जशी पेंडीत साठतात, तसंच हेही साठतं. तेलात थोडं उतरतं ते गाळाच्या कणांबरोबर. रिफाइंड तेलात क्षाराच्या प्रक्रियेत ते निघून जातं, पण घाण्याचं तेल आपण रिफाइन करत नाही. त्यामुळे चांगला दाणा हा पेंडीइतकाच तेलाचाही प्रश्न आहे.

हे समजल्यावर आम्ही आधी तपासणी करायची ठरवली. तोवर आम्ही बाकी सगळ्या घाण्यांसारखे बाजारातून सोललेले दाणे आणत होतो. त्या दाण्यांची नेहमीची पेंड एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवली. तिच्याबरोबर दुसरा नमुना पाठवला. तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलेल्या कोरड्या शेंगा घरी फोडून, एकेक दाणा निवडून काढलेल्या पेंडीचा होता. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात पुढे प्रक्रिया करायच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला ती फक्त ४ आहे. पहिला नमुना पंधराच्या कितीतरी वर निघाला. दुसऱ्यात मोजता येण्याइतकंही सापडलं नाही. घाणा तोच, त्यातली दाणे चिरडणारी लाकडी लाट तीच, माणसं तीच होती.

पेंड माणसाची की जनावराची हे घाण्यावर ठरत नाही, त्याच्या आधी निवडताना ठरतं, हे त्या दोन कागदांनी मला पक्कं पटवलं. जनावरासाठी म्हणून काढलेली पेंड नंतर कितीही वाळवा, दळा, सुंदर पाकिटात भरा, ती माणसाची होत नाही.

बाजारातल्या दाण्यात हे येतं कुठून, हेही विचारत गेले. आम्हाला दाणे देणारे एक व्यापारी मोकळेपणाने म्हणाले, "पाणी मारल्याशिवाय मशीनमध्ये दाणा अख्खा निघत नाही, वहिनी. पाकळी झाली की भाव पडतो." शेंगा फोडण्याआधी त्यांवर पाणी शिंपडतात, दाणा लवचिक होतो, तुटत नाही. मग ते ओलसर दाणे पोत्यात भरून थप्पीला लागतात. बुरशीला आणखी काय हवं? म्हणजे अख्ख्या दाण्याच्या देखणेपणासाठी हा धोका घेतला जातो, आणि घाण्याला तर दाणा अख्खा असण्याची गरजच नाही. पाकळीतूनही तेल तेवढंच निघतं. फक्त फुटलेला दाणा फार दिवस ठेवायचा नाही, लगेच गाळायचा.

म्हणून आम्ही दाणे आणणं बंद करून वाळलेल्या शेंगा थेट शेतकऱ्यांकडून घेऊ लागलो. शेंग कानाशी हलवून बघायची, कोरडी असेल तर दाणा खुळखुळतो. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. पुढे ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतलं. शेंगेत ८ ते ९ टक्के आणि दाण्यात ७ टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तरच माल उतरवायचा हा नियम केला. खरिपाची शेंग काढणीला येते सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि त्याच वेळी परतीचा पाऊस गाठतो. उपटलेले वेल शेंगा वर करून उलटे पसरले तर शेंगा मातीला न टेकता वाऱ्यावर वाळतात. ढीग घातला तर आतून तापतात आणि बुरशी धरतात. शेतकऱ्यांना हे सांगायला जाताना मला संकोच वाटत होता, कारण शेती त्यांची, अनुभव त्यांचा. पण एका दादांनीच उलट मला शिकवलं. "नुसतं वाळवणं धरून चालत नाय. शेवटच्या महिन्यात पानी तुटलं की जमिनीतच टरफल तडकतंय. आऱ्या सुटताना जिप्सम टाकलं तर टरफल दणकट होतंय." आऱ्या म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरणारे देठ, त्यांच्या टोकाला शेंग धरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने केलेलं काम वाचलं तेव्हा दोन्ही ठिकाणी तेच सापडलं. शेवटच्या आठवड्यांतला पाण्याचा ताण आणि तापलेली जमीन यांमुळे बुरशी शेतातच शिरते. त्यामुळे पाण्याची सोय असलेल्या शेतातल्या शेंगांना आम्ही थोडा जास्त भाव देतो.

शेंगा कोरड्याच फोडायच्या. हाताने चालवायच्या यंत्रात पाकळी जास्त होते, होऊ दे. मग चाळणीने बारीक, चिपट, सुरकुतलेले दाणे काढायचे. ते पूर्ण भरलेले नसतात आणि विष सापडण्याची शक्यता त्यांच्यात सर्वांत जास्त असते. त्यानंतर खरी निवड. पांढऱ्या कापडावर दाणे पसरून, चांगल्या उजेडात, नाकाला फडकं बांधून बसायचं, कारण बुरशीची धूळ श्वासात जाणं बरं नाही. काळपट, डागाळलेला, कोंब फुटलेला, किडका, साल सैल होऊन निघालेला असा दाणा दिसला की बाजूला. जराही शंका आली तरी बाजूला.

सुरुवातीला निवडायला येणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी द्यावी असं यजमानांचं मत होतं. मी आणि जाऊबाईंनी ते मानलं नाही. किलोवर पैसे दिले तर हात पळतो आणि नजर मागे राहते. या कामात नजरेलाच किंमत आहे. म्हणून रोजावर मजुरी ठेवली आणि जितका वाईट दाणा निघेल तितकं काम चांगलं झालं असं धरलं. त्यांच्यापैकी एक मावशी इतक्या तरबेज झाल्या आहेत की दाणा न उलटता नुसत्या रंगावरून सांगतात, आणि फोडून बघितला की आत खरोखर बुरशीची रेघ असते.

पिठाची पेंड काढायची असेल त्या दिवशी दाणे आधी हलके भाजतो. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचायला अडथळा करणारे घटक असतात, ते भाजल्याने कमी होतात. कच्चट वासही जातो. लाल साल चोळून पाखडून टाकली की तुरटपणा जातो, आणि मुख्य म्हणजे साल निघाल्यावर आत लपलेले पिवळे, करडे दाणे उघडे पडतात. मग दुसऱ्यांदा निवड. या दाण्यांचं तेल खमंग निघतं, कच्च्या घाणीचं तेल मागणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून दोन्हींचे दिवस वेगळे ठेवले. घाणा सुरू करण्याआधी उखळाच्या फटीत अडकलेली जुनी पेंड खरवडून काढतो. घाण्यात पाण्याचा हबका मारायची पद्धत आहे, तो आम्ही अगदी कमी केला. पेंड बाहेर पडते तेव्हा कोमट आणि किंचित ओलसर असते. तिचे पापुद्रे तसेच पोत्यात भरले तर इतकी निवड करून पुन्हा बुरशीला आमंत्रण. म्हणून लगेच हाताने मोडून सौर वाळवणी यंत्राच्या जाळीवर पसरायची.

दळताना मोठी अडचण आली. घाण्याच्या पेंडीत १० टक्क्यांहून जास्त तेल राहतं. नुसती पेंड गिरणीत घातली की चिकटते, जाळी चोंदते, पीठ तापतं. गिरणीवाल्या काकांनी मशीन बंद करून सरळ सांगितलं, "हे परत आणू नका." उपाय सापडला तो म्हैसूरच्या त्या जुन्या ७५:२५ प्रमाणात. भाजलेली कोरडी हरभरा डाळ पेंडीत मिसळून दळली तर डाळीचं पीठ तेल धरून ठेवतं आणि पीठ मोकळं पडतं.

डाळीचा फायदा एवढ्यावरच थांबत नाही. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ज्वारी-गव्हातही तेच कमी. म्हणजे भाकरी आणि पेंड एकत्र केली तरी ती उणीव राहतेच. डाळीत लायसिन भरपूर असतं, ती पडली की तिघांचं मिळून चांगलं प्रथिन होतं. ज्वारीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच राहणाऱ्या गरीब लोकांत पूर्वी पेलाग्रा हा आजार दिसायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे पडायचे, पोट बिघडायचं. हैदराबादेत पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्यावर संशोधन केलं. हा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, आणि ते तेलात जात नाही, पेंडीतच राहतं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या आपल्या घरांत हे आपोआप साधत होतं. तेल विकत आणि पेंड गोठ्यात असं झालं की ते सुटतं.

पिठाचं काय करायचं हे आत्याबाईंच्या हाताखाली ठरत गेलं. भाकरीत पेंडीचं पीठ दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे भाकरी थापताना कडा फाटतात, कारण या पिठाला चिकटा नाही. थालीपिठात पाव भागसुद्धा बिनधास्त जातो, कांदा आणि तीळ घातले की वेगळी चवही जाणवत नाही. आमटी दाट करायला एक चमचा पुरतो. लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटलेली चटणी सर्वांत जास्त खपते, तिच्यासाठी मात्र डाळ न मिसळलेली नुसती पेंड लागते. गुळाच्या पाकात केलेले लाडू मुलं आवडीने खातात. २० ग्रॅम पेंडीतून साधारण ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. शेतात राबून आल्यावर भाकरी आणि पातळ कालवणावर जेवण उरकणाऱ्या बाईला रोजचा हा आठ ग्रॅमचा वाटा मोठा आहे.

पाकिटावर शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना ठळक छापतो. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते. तेलामुळे पीठ खवट होतं, म्हणून लहान पाकिटं करतो आणि उन्हाळ्यात महिन्याच्या आत संपवायला सांगतो. खवट वास आला तर टाकून द्या, भाजून वापरू नका, हेही सांगतो. अन्न परवान्यासाठी दर खेपेची नोंद ठेवतो, की शेंग कोणाची, कधी फोडली, कधी गाळली. प्रयोगशाळेत नमुना पाठवताना एका पोत्यातली मूठ पाठवत नाही. हजारो चांगल्या दाण्यांत एखाद्याच दाण्यात खूप विष असू शकतं. म्हणून संपूर्ण खेपेतून ठिकठिकाणचं थोडं थोडं घेऊन, एकत्र दळून त्यातला भाग पाठवावा लागतो.

निवडून काढलेल्या वाईट दाण्यांचं काय, हा प्रश्न मात्र अजून मनासारखा सुटलेला नाही. गावातले म्हशीवाले ते मागतात, चांगले पैसे द्यायची तयारी असते. आम्ही देत नाही. जनावराने ते खाल्लं की विषाचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतो. आपल्या नियमांत दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे, आणि ते दूध पिणार आपल्याच घरातली लेकरं. सध्या हे दाणे गोठ्यापासून लांब खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवतो. पैसा मातीत जातो, आणि तो भार चांगल्या पेंडीच्या भावावर पडतो. आमची खाण्याची पेंड जनावराच्या पेंडीच्या दुपटीहून महाग पडते ती यामुळे आणि निवडीच्या मजुरीमुळे. "पेंडीला एवढे पैसे?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी निवडीच्या खोलीत नेते, कापडावरचे दोन ढीग दाखवते आणि प्रयोगशाळेचा ताजा कागद हातात देते.

तुमच्या जवळच्या घाण्यावरून पेंड घ्यायची असेल तर तुम्हीही विचारा. शेंगा घेता की सोललेले दाणे? शेंगा फोडताना पाणी मारता का? वाईट दाणे कुठे जातात? अफ्लाटॉक्सिनची शेवटची तपासणी कधी केली, तिचा कागद दाखवाल का? घाणेवाल्याने या प्रश्नांचा राग धरू नये. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर तिथलं तेलही विचार करूनच घ्या. आणि घाणा चालवणाऱ्या कुणाला शेंगा निवडण्याची, वाळवण्याची आमची पद्धत प्रत्यक्ष बघायची असेल, तर दिवाळीनंतर नवी शेंग उतरते तेव्हा या. त्या वेळी निवडीच्या कापडापासून गिरणीपर्यंत सगळं चालू असतं, आणि दोन हात जास्त असले तर आम्हालाही हवेच असतात.